टोपीच्या रिव्हॉल्व्हरचं म्यान

मत्रहच्या बाजारामागं, गल्ली जिथं
समुद्राकडं वळायचं विसरते,
तिथं माझं दुकान. सहा फूट बाय नऊ.
गाड्यांच्या सीटा, बॅगांच्या चेन,
कधी एखाद्या खंजिराचा पट्टा, जर उसवलेला.
खंजिराला आमच्याकडंही खंजीरच म्हणतात
हे कळल्यावर हमूद इतका हसला
की चहा सांडला माझ्या रापीवर.
अरबीत प नाही. त्याच्या तोंडी मी सातबुते.

बुधवारी तो लाकडाचं पिस्तूल घेऊन आला.
खरं घरी आहे, म्हणाला, पेटीत, कागदांसकट.
पणजोबाचं. सहा खणांचं चक्र,
प्रत्येक खणाला मागून तांब्याची टोपी चढवायची,
काडतुसं यायच्या आधीचं.
गलबतातून उतरलं होतं. लोखंड टिकलं,
म्यान किड्यांनी खाल्लं.
मला तसंच हवं, म्हणाला. त्या काळचं.
क्रोमचं कातडं नको, चाप-बटण नको,
आणि मशीनची शिलाई दिसली तर परत आणीन.

मी हो म्हणालो. मग रात्रभर जागा.
मशीन घेतल्याला अकरा वर्षं झाली होती.

बाभळीच्या सालीत मुरवलेलं कातडं
गडहिंग्लजहून मेव्हण्यानं पाठवलं,
पापडांच्या डब्याखाली घालून.
उघडलं आणि दुकानात आमचं टाकं शिरलं,
हिरड्याचा तो कडवट ओला वास
ज्यावरून शाळेत मला मागं बसवायचे.
इथं गिऱ्हाईक थांबून विचारतं: कुठलं अत्तर?

दोन सुया, एक दोरा, मेण.
इंचाला आठ टाके. टोच्यानं भोक,
एक सुई इकडून, एक तिकडून, आणि ओढ.
एक टाका तुटला तरी दुसरा धरून ठेवतो,
बापानं सांगितलेलं. तो मोटेबद्दल बोलत होता.

टोप्यांसाठी वेगळी डबी, पट्ट्यावर उजवीकडं,
आत मेंढीची लोकर शिवली,
घोडा दौडला तरी टोप्या सांडू नयेत म्हणून.
घोडा कुणाचा, मला ठाऊक नाही.
खजुराच्या सिरक्यात गंजके खिळे भिजत घातले,
चौथ्या दिवशी ते पाणी कातड्यावर फिरवलं:
बघता बघता काळं.
रंग नाही तो. लोखंड आणि सालीची ओळख पटते, एवढंच.

लाकूड हलकं. म्यानाला वजन कळेना.
वाण्याकडनं सव्वा किलो वाळू मोजून घेतली,
ओली करून पिशवीत भरली, आत कोंबली,
पट्टा खिळ्याला टांगला रात्रभर.
सकाळी त्याला झोल आला होता,
माणूस दमल्यावर कमरेला येतो तसा.

राहिली भोकं.
पणजोबा कितव्या भोकाला लावायचा?
हमूदला माहीत नव्हतं. फोटो नाही.
पाच पाड, म्हणाला, आणि एक जुनं दिसू दे.
कुठलं?
तो बराच वेळ समुद्राच्या बाजूला बघत बसला,
गल्लीतनं समुद्र दिसत नाही तरी.

त्या रात्री पट्टा माझ्या कमरेला लावून पाहिला.
पाचव्यालाही सैल.
माझ्या स्वतःच्या पट्ट्याला मी इथं आल्यावर
तीन भोकं पाडली आहेत टोच्यानं,
एक पहिल्या उन्हाळ्यात, दुसरं करोनात,
तिसरं कधी, आठवत नाही.
सहावं भोक या पट्ट्याला पाडलं नाही.
त्या काळचं नसतं झालं ते.
तिसरं घासलं, बोटानं, तेल लावून,
बकलाची जीभ हजारदा तिथंच बसली असावी असं.

हमूद आला. लाकूड आत सारलं, बाहेर काढलं,
आवाज ऐकत राहिला. पैसे जास्त दिले.
खरं आणीन दाखवायला, म्हणाला. आणलं नाही.
मी त्याला आतूनच ओळखतो.

कागदाचा साचा अजून खिळ्याला आहे.
परवा एक पोर विचारत होतं, हा मासा का?
हो म्हटलं.